पाट्यावरचं पीनट बटर

“अहो, इथली बरणी कुठाय?”

“कुठली बरणी?”

“लीनाची. अमेरिकेहून आणलेली. सकाळी मी इथं ओट्यावर ठेवली होती.”

“ती होय?” आमचे हे टोपी खुंटीला अडकवत म्हणाले. “पेंड होती न्हवं ती? म्हशीला घातली.”

मी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढा मोठा बाप्या, जयसिंगपुरात पिढीजात तेलघाणा चालवणारा, शेंग नुसती हातात घेऊन तिच्यात तेल किती ते सांगणारा, आणि त्यानं काय करावं? पोरीनं सातासमुद्रापलीकडून आणलेलं पीनट बटर आंबोणात कालवून म्हशीपुढं ठेवावं!

“अहो, ती पेंड नव्हती! खायची वस्तू होती ती, माणसांची!”

“मग वर तेल का तरंगत होतं?” ते उलट माझ्यावरच चढले. “मला वाटलं, कुणीतरी नमुना आणून टाकलाय. तेल काढून ठेवलंय वाटीत. वाया नाही घालवलं.”

आणि खरंच देवळीत वाटी होती. वाटीत बोटभर तेल. मी कपाळाला हात लावला.

तुम्ही म्हणाल, बरणीभर दाण्याच्या लगद्यासाठी एवढा आकांत कशाला? घरात शेंगांची पोती पडलेली. पण त्या दिवशी आमच्या घरात त्या लगद्यावर फार काही अवलंबून होतं. ते आधी सांगते.

माझे दीर भरतेश वीस वर्षांपूर्वी अमेरिकेला शिकायला गेले आणि दोन वर्षांत तिथंच लग्न करून बसले. मुलगी तिथलीच, ख्रिश्चन. आमचं घर जैनांचं. माझ्या सासूबाई, त्यांना घरात सगळे अक्का म्हणायचे, मीही अक्काच म्हणायची, कडक म्हणजे किती कडक? दिवस बुडाला की पाण्याचा थेंब नाही. सकाळी दिवस उगवून वर आला, बस्तीत म्हणजे आमच्या देवळात जाऊन दर्शन झालं, की मगच तोंडात काही. लग्नाचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “त्या घरच्या हातचं मला चालायचं नाही.” भरतेशही त्यांचाच मुलगा. त्यांनी कळवलं, “माझ्या माणसांच्या हातचं चालत नसेल तर मी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.” झालं. मोठ्याचं नाव बाहुबली आणि धाकट्याचं भरतेश, तेव्हा आमच्या पुराणातल्या त्याच नावांच्या भावांसारखं भांडण या दोघांत व्हायला हवं होतं. पण आमच्याकडं सगळं उलटं. भाऊ भावाला दर आठवड्याला फोन करायचा, आणि आई-मुलगा तोंड फिरवून बसलेले.

आणि आता भरतेशची मुलगी आली होती. लीना. सतराची. पुण्यात कॉलेजच्या कसल्याशा अभ्यासदौऱ्यावर आलेली, त्यातून चार दिवस काढून आमच्याकडं. पहिल्याच दिवशी तिनं मला माजघराबाहेर गाठून सांगितलं, “काकी, बाबा म्हणालेत, आज्जी तुझ्या हातचं एक घास जरी खाल्ली ना, तर मी येतो. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढतो.”

तिचं मराठी म्हणजे गंमतच होती. बापानं शिकवलेलं, म्हणून वीस वर्षांपूर्वीचं जयसिंगपुरी. फक्त ‘र’ तेवढा तोंडात विरघळायचा.

मग काय, पोरगी हात धुऊन मागं लागली. पहिल्या दिवशी चहा केला. अक्का म्हणाल्या, “मी चहा सोडलाय.” सकाळी दोन कप घेतले होते, माझ्याच हातचे. दुसऱ्या दिवशी उपीट केलं, तर पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी लिंबाचं सरबत, तर घसा धरला होता. बोलायच्या मात्र तिच्याशी अगदी गोड. जवळ बसवायच्या, केसांवरनं हात फिरवायच्या, “बापासारखं कपाळ आहे गं” म्हणायच्या. खायची वेळ आली की काहीतरी दुखायला लागायचं. मला इतका संताप यायचा! सरळ नाही म्हणा की, तोडून टाका एकदाचं. पण नाही.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं लीना पुण्याला जाणार होती. म्हणून तिनं ठरवलं होतं, आज आपल्या घरची बिस्किटं करायची, पीनट बटरची. त्यासाठी मी सकाळी माझ्या माहेरचा ओव्हन माळ्यावरनं खाली काढला होता. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेचा डोळा असलेला. लग्नात आलेला, आणि पोरांना चारदोनदा केक करून दिल्यावर जो माळ्यावर गेला तो गेलाच. पुसता पुसता माझा जीव गेला. अक्का दारातनं बघून म्हणाल्या, “एवढ्या खटाटोपात चार पुरणपोळ्या झाल्या असत्या.”

आणि आता बरणी म्हशीच्या पोटात.

लीनाला सांगितलं तेव्हा ती आधी डोळे मोठे करून बघत राहिली. मग खुदकन हसली. मग तिचे डोळे भरले. “म्हणजे या घरात माझ्या हातचं पहिलं खाल्लं ते म्हशीनं,” ती म्हणाली.

“आता रडायचं नाही,” मी म्हटलं. “शेंगांच्या घरात शेंगदाण्याला तोटा नाही. आपण करू.”

दाणे भाजायला घेतले. ते तरी आमच्या हातातलं काम. भाजून गार केले, साली चोळून काढल्या. सूप आणायला मी मागं गेले तेवढ्यात लीनानं ताटात फुंकर मारली. सगळ्या साली उडाल्या. माझ्या केसांत, पिठाच्या डब्यात, ओव्हनमध्ये, दुधाच्या पातेल्यात. मी म्हटलं, “अगं बाई! सूप कशाला असतं?” तर तिला सूपच ठाऊक नव्हतं. पाखडून दाखवलं, दाणे मिक्सरच्या भांड्यात घातले, बटण दाबलं.

वीज गेलेली.

भारनियमन! त्या वर्षांत आमच्याकडं वीज पाहुण्यासारखी यायची, आणि पाहुण्यासारखीच न सांगता जायची. वेळापत्रक असायचं, पण ते फक्त जाण्याचं पाळलं जायचं. शेजारच्या मगदूमवहिनींना कुंपणावरनं विचारलं तर म्हणाल्या, “चारला येईल म्हणतात. आली तर.”

“आली तर!” मी करवादले. “अहो, ओव्हनही विजेवरच चालतो. चारला आली तर भाजून होणार कधी? थंडीचे दिवस, सहाच्या सुमारास दिवस बुडतो. त्यानंतर अक्का कशाला तोंड लावताहेत?”

लीना म्हणाली, “मग आपण पीठ तरी तयार ठेवू. मिक्सर नसेल तर आधी काय करायचे?”

आधी काय करायचे! मागल्या पडवीत पाटा-वरवंटा होता. वर्षातनं दोनदा सणाला निघायचा, एरवी त्यावर बादली असायची. मी तो घासला, धुतला, पुसून कोरडा केला, दाणे ओतले आणि लीनाला म्हटलं, “वाट.”

ती वाटायला बसली म्हणजे कशी? उकिडवी, पाट्याच्या आडव्या बाजूला, वरवंटा लाटण्यासारखा गोल फिरवत. दाणे टणाटण उडून अंगणात. कावळे गोळा झाले. मला एकीकडं हसू येत होतं, एकीकडं रडू. मी कणीक मळायची, की दाणे वेचायचे, की हिला शिकवायचं?

“तेल सुटलं का?” माजघरातनं आवाज आला. अक्का जपमाळ घेऊन बसल्या होत्या. डोळे मिटलेले, पण कान पडवीत.

“नाही, आज्जी! नुसतं कूट झालंय!”

“सुटणार कसं? वाटत नाहीयेस, खेळतीयेस.”

थोड्या वेळानं पुन्हा, “सुटलं?”

“नाही अजून!”

जप थांबला. अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत पडवीत आल्या आणि लीनाकडं बघून अशा काही वैतागल्या, की त्यांचा वैताग बघून माझा थोडा हलका झाला.

“वरवंटा असा धरतात? बोटं चिरडून घेशील! ऊठ. ऊठ म्हणते ना. तुझ्या बापाला सुद्धा याहून बरं वाटता यायचं.”

आणि बसल्या की हो पाट्याशी! सत्तरी ओलांडलेली बाई. पदर खोचला, अंगाचा भार पुढं टाकला आणि वरवंटा घरंगळायला लागला. दाण्याचं कूट ओलसर झालं, मग गोळा झालं, मग त्याला चकाकी आली. घाण्याच्या घरातली सून ती. तेल कधी सुटणार ते तिच्या मनगटाला कळत होतं.

लीना शेजारी मांडी घालून बसली. “आता यात काय काय पडायचं?” अक्कांनी मान वर न करता विचारलं.

“गूळ, तूप, कणीक, मीठ, सोडा. आणि खरं तर एक अंडं...”

मी हातातला डबा जवळजवळ टाकलाच. वरवंटा जागच्या जागी थांबला.

“...पण आम्ही नाही घालत!” लीना घाईघाईनं म्हणाली. “आमच्यात दही घालतात. बाबा घरात अंडं आणूच देत नाहीत. आणि ही बिस्किटं बाबाच करतात ना. आईला नाही येत.”

“कोण करतं?”

“बाबा. दर थंडीला. शनिवारी सकाळी ॲप्रन बांधून.”

“भरतेश? चुलीपुढं?” अक्कांनी आता मान वर केली. “पाण्याचा तांब्या उचलून घेत नव्हता इथं.”

“तिथं सगळं करतात.” लीना बोटानं पाट्याच्या कडेचं पुसत म्हणाली. “प्रत्येक वेळी काहीतरी बदलतात. कधी गूळ मिळाला तर गूळ, कधी दाणे जास्त भाजून. भाजून झालं की एक खातात आणि म्हणतात, जवळ आलं, पण होत नाही.”

“कशाच्या जवळ आलं?” मी विचारलं.

“ते नाही सांगत.”

अक्कांनी पुन्हा वाटायला सुरुवात केली. जरा जोरातच. वाटून झालं तेव्हा पाट्यावरनं सगळं बोटांनी निपटून वाटीत काढलं, हात धुतला आणि आत जाऊन परत माळ घेऊन बसल्या. बोटसुद्धा चाटलं नाही. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाई!

पीठ तयार झालं. गोळे झाले. लीनानं एकेक गोळा काट्यानं आडवा-उभा दाबून चपटा केला, जाळीसारख्या खुणा उमटवत. चार वाजले. वीज नाही. साडेचार. वीज नाही. मी दिव्याचं बटण खाली दाबून ठेवलं होतं आणि दर दोन मिनिटांनी वर बघत होते, जसं काही माझ्या बघण्यानं येणार होती. हे दुकानातनं आले. “आज उपकेंद्रात काम चाललंय म्हणे,” असं अगदी शांतपणे सांगून बसले. मी म्हटलं, “तुम्ही तर काही बोलूच नका. जा, म्हशीला विचारा पोट भरलं का.”

पाच वाजून गेल्यावर दिवा लागला. आम्ही दोघी ओरडलोच. ओव्हन लावला, तापला, पहिली थाळी आत गेली. लीना काचेच्या डोळ्याला डोळा लावून बसली.

इकडं अक्कांचं जेवण. एरवी पाचाच्या आत त्यांचं ताट उचललेलं असायचं. त्या दिवशी भाकरीचा एकेक तुकडा असा सावकाश चालला होता, की मला वाटलं, खरंच पोट बिघडलं की काय. जेवण झालं, तरी त्या पाटावरच बसलेल्या. चूळ भरायचा तांब्या शेजारी तसाच. एकदा चूळ भरली की त्यांचा दिवस मिटला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

“झालं का गं?” त्यांनी विचारलं.

“होतंय, अक्का! रंग यायला लागलाय!”

आणि दिवा गेला.

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी मला तो ओव्हन उचलून विहिरीत टाकावासा वाटला. “उद्याच्या उद्या हे धूड माळ्यावर टाकते!” मी ओरडले. “पुन्हा या घरात कुणी याचं नाव काढलं तर बघा!” लीनानं ओव्हनवर दोन्ही हात ठेवले होते, ऊब निसटू नये म्हणून. पोळत असणार, तरी ठेवले होते.

वीज परत आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरनं निघून गेलं होतं. मी ओव्हनकडं बघू की बाहेर, अशी माझी स्थिती. माजघरात अक्का दाराच्या चौकटीतनं आभाळाकडं बघत होत्या. समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरचा उजेड विझला. मग त्यांनी तांब्या उचलला आणि खळखळून चूळ भरली.

त्यानंतर दहा मिनिटांत बिस्किटं झाली.

आणि काय झाली होती! तांबूस, काठाला खुसखुशीत, घरभर भाजल्या दाण्याचा आणि गुळाचा वास. लीनानं बशीत चार ठेवली आणि धावत माजघरात गेली. मी मागनं हाक मारेपर्यंत ती अक्कांसमोर गुडघे टेकून बसलीसुद्धा.

“आज्जी, एक.”

“दिवस बुडाला, बाळ.”

“एवढुसा तुकडा. तू वाटलंस ना ते?”

“नाही.” अक्कांनी तिच्या गालाला हात लावला. “तू खा. काकाला दे.”

लीना उठली. बशी ओट्यावर ठेवली. आमच्या ह्यांनी एक उचललं, चावलं, म्हणाले, “अरे, छान आहे की!” आणि माझ्या तोंडाकडं बघून दुसरं उचलायचा हात मागं घेतला.

मग ती पडवीत फोन घेऊन बसली. मला सगळं ऐकू येत होतं. “नाही बाबा. नाही खाल्लं... नाही, रागावली नाही. प्रेमानं नाही म्हणाली... हो. तुम्ही नका येऊ.” पुढचं इंग्रजीत, आणि मग नुसतं नाक ओढणं.

माझं टाळकं सटकलं. आयुष्यात कधी सासूपुढं आवाज चढवला नव्हता, त्या संध्याकाळी चढवला. “अक्का, पोरगी दिवसभर राबली. हात भाजून घेतला. अठरा वर्षं झाली, अठरा! एका घासानं काय आभाळ कोसळणार होतं? तुम्हाला मुलगा नको असेल तर तसं सांगा तरी एकदा!”

हे दारात उभे होते. “त्रिशला,” एवढंच म्हणाले, दबकत.

अक्कांनी माळ गुंडाळून पेटीत ठेवली. “व्रत माझं आहे,” त्या म्हणाल्या. “ते तुला नाही, मला सांभाळायचंय. उद्या गाडी किती वाजता?”

“पावणेसातला! कशाला विचारताय?”

अक्का भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. मी उरलेली बिस्किटं डब्यात भरली आणि डबा लीनाच्या पिशवीत कोंबला. घरात राहिली असती तर मला बघवली नसती.

पहाटे उठून बघते तर अक्का आंघोळ करून, लुगडं नेसून, शाल गुंडाळून दारात तयार.

“कुठं निघालात?”

“स्टँडवर.”

“एवढ्या थंडीत? धुकं बघा केवढं आहे! आणि दर्शन?”

“बस्ती कुठं पळून जात नाही.”

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी बुटांच्या नाडीकडं बघितलं. हे पुण्यापर्यंत लीनाबरोबर जाणार होते. मग काय, निघाली वरात. पुढं हे बॅग घेऊन, मागं लीना, तिच्या खांद्यावर हात ठेवून अक्का पाय ओढत, आणि शेवटी मी, धुसफुसत. आदल्या दिवशी घास घेता आला नाही आणि आता स्टँडवर निरोप द्यायला निघाल्या! असलं प्रेम मला कळत नव्हतं.

स्टँडवर एसटी लागलेलीच होती. ह्यांनी बॅग वर ठेवली. लीना अक्कांच्या पाया पडली आणि चढायला वळली, तर अक्कांनी तिचं मनगट धरलं.

“थांब.”

“आज्जी, गाडी सुटेल.”

“थांब म्हणते ना.”

कंडक्टर खिडकीतनं वाकला. “आज्जी, पोरगी चढणार हाय का न्हाई?”

“चढंल की. दिवस उगवू दे.”

“काय?”

“दिवस उगवू दे म्हणते.”

“आज्जी, गाडी टायमावर सुटती. दिवसाला इचारून न्हाई.”

मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. “अक्का, सोडा तिला! लोक बघताहेत!” मी दबक्या आवाजात म्हटलं. अक्कांची पकड काही सुटेना. त्या गाडीकडंही बघत नव्हत्या, लीनाकडंही नाही. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, पूर्वेला बघत होत्या. तिकडं नुसतं पांढरं धुकं. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. गाडीतली माणसं खिडक्यांतनं माना बाहेर काढायला लागली.

“काय झालंय?” एकानं विचारलं.

“जैनांच्या आज्जी हायत,” मागच्या सीटवरनं एक बाई म्हणाली. “रातीचं काय खात न्हाईत त्या.”

“मग? एसटी खायाचीय का?”

सगळी गाडी हसली. ह्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, थंडीत. आणि मी, वैतागानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा माझं लक्ष अक्कांच्या दुसऱ्या हाताकडं गेलं. शालीतनं तो बाहेर आला होता. पदराची गाठ सोडत होता. गाठीत बिस्किट होतं. काट्याच्या खुणांचं.

रात्री कधीतरी उठून त्यांनी ते लीनाच्या पिशवीतल्या डब्यातनं काढून घेतलं होतं तर!

कंडक्टरनंही बघितलं. त्यानं एकदा अक्कांच्या हाताकडं बघितलं, एकदा पूर्वेकडं. मग दोरी धरलेला हात खाली केला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “थांब रं दोन मिन्टं.”

आता सगळी गाडीच पूर्वेकडं बघायला लागली. धुकं तांबडं झालं, पिवळं झालं, आणि त्या रटाळ सूर्याला काही वर येववेना. “आला, आला!” मागची बाई ओरडली. तो दिवा होता कुठल्या तरी ट्रॅक्टरचा. मला तर वाटलं, आज सूर्याचंही भारनियमन आहे.

मग टाकीच्या कडेला लाल कोर दिसली. ती चांगली वर येऊ दिली अक्कांनी. पूर्ण. मग हात जोडले आणि बिस्किट लीनाच्या तळहातावर ठेवलं.

“घे. तुझ्या हातनं भरव.”

लीनानं घाईघाईनं तुकडा मोडला, तर अर्धा खाली पडला. उरलेला तिनं अक्कांच्या तोंडात घातला. अक्का चावायला लागल्या. सावकाश, डोळे मिटून. दात थोडेच होते, वेळ लागला.

आणि एकदम त्यांनी डोळे उघडले.

“सुंठ कुठाय?”

“काय, आज्जी?”

“सुंठ! यात सुंठ नाही. माझ्या दाण्याच्या लाडवात सुंठ असते, चिमूटभर. म्हणून होत नाही त्याचं!” अक्का इतक्या चिडल्या होत्या, इतक्या, की शाल खांद्यावरनं घसरली तरी त्यांना भान नव्हतं. “अठरा वर्षं चुलीपुढं बसला आणि एवढं कळलं नाही? आईला एकदा विचारायला काय जीभ झडली होती? सांग तुझ्या बापाला. नाही, तू नको सांगूस. त्याला म्हणावं, इथं ये. म्हणावं, फोनवर सांगणार नाही मी. समोर बस, दाखवते.”

लीना हसत होती, रडत होती, मान हलवत होती, सगळं एकदम. कंडक्टरनं तिला दंडाला धरून वर घेतलं. दोरी ओढली. खिडकीतनं तिचा हात कितीतरी वेळ दिसत राहिला, आणि शेजारी आमचे हे, रुमाल तोंडाला लावलेले.

गाडी धुक्यात गेल्यावर अक्कांनी खाली वाकून मातीतला पडलेला तुकडा उचलला आणि कडेला नेऊन मुंग्यांसाठी ठेवला.

“दर्शनाच्या आधी खाल्लं,” त्या शाल सारखी करत म्हणाल्या. “आज उपवास करीन. माझं ताट करू नकोस.”

“बरं.”

आम्ही चालायला लागलो. मला बोलायचं होतं खूप. आदल्या संध्याकाळच्या माझ्या शब्दांची माफी मागायची होती. पण त्या पुढं पुढं चालत होत्या, नेहमीपेक्षा भराभरा. बस्तीच्या वळणावर आल्यावर थांबल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

“त्रिशला, तो ओव्हन माळ्यावर टाकू नकोस. खालीच असू दे.”